आखूड धाव (फुटबॉल)

आखूड धाव किंवा स्प्रिंट म्हणजे फुटबॉलपटूने सामन्यात साधारणतः ५ ते ३० मीटर अंतरात पूर्ण ताकदीने घेतलेली धाव. ती बहुधा दोन ते चार सेकंदांत संपते. त्यामुळे खेळाडूचा कमाल वेग किती, यापेक्षा पहिल्या दहा मीटरांत तो किती लवकर वेग घेतो, याला या खेळात अधिक महत्त्व असते. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात नोंदला गेला. फुटबॉलपटूला एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते.

जर्मनीच्या अव्वल साखळीतील ३६० गोलांची चित्रफीत तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोल करणाऱ्या खेळाडूची गोलपूर्वी सर्वाधिक वेळा आढळलेली हालचाल सरळ रेषेतील वेगवान धाव ही होती. सुमारे ४५ टक्के गोलांत ती दिसली.

सराव

अशा धावेसाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंत आधीच साठलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या संयुगांतून मिळते. हा साठा काही सेकंदांत उतरतो आणि पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून वेगाच्या सरावात विश्रांती हा सरावाचाच भाग मानला जातो. दहा मीटर धावेमागे सुमारे एक मिनिट थांबावे, असा ढोबळ नियम अनेक प्रशिक्षक पाळतात. दमलेल्या अवस्थेत एकामागून एक काढलेल्या धावांनी दमसास वाढतो, वेग फारसा वाढत नाही. आठवड्यातून दोनदा, अंग गरम केल्यानंतर व चेंडूचा सराव सुरू होण्यापूर्वी, सहा ते दहा धावा पुरेशा ठरतात.

सुरुवातीच्या पावलांत शरीर पुढे झुकलेले असावे, जमीन मागे ढकलली जावी आणि हात जोरात चालावेत. सामन्यात खेळाडू चालताना, मागे सरकताना किंवा वळताना धाव सुरू करतो. त्यामुळे सरावातही सुरुवात त्या त्या स्थितीतून केली जाते. वजनगाडी ओढणे, चढावर धावणे, बैठका आणि उड्या यांनी पायांचा जोर वाढतो. वजनगाडी नसल्यास कमरेला दोरीने बांधलेला जुना टायर चालतो.

वेगवान धावेत मांडीमागील स्नायूंना, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, दुखापतीचा धोका सर्वाधिक असतो. गुडघ्यांवर बसून, साथीदाराने घोटे दाबून धरले असता शरीर सावकाश पुढे सोडण्याच्या नॉर्डिक व्यायामाची डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्या गटात अशा १५ दुखापती झाल्या, तर न करणाऱ्या गटात ५२. या व्यायामाला कोणतेही साहित्य लागत नाही.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

भंडारा जिल्ह्यात, तसेच विदर्भात इतरत्रही, शालेय फुटबॉलपटूंपुढील मुख्य अडचण वेळापत्रकाची आहे. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालत आलेली राष्ट्रीय शालेय स्पर्धा असून तिचे तालुका व जिल्हा पातळीवरील सामने बहुधा पावसाळ्यातच होतात. वेगात जाणवण्याजोगी सुधारणा होण्यास मात्र सहा ते आठ आठवडे लागतात. शाळा उघडल्यावर सुरू केलेला सराव यासाठी अपुरा पडतो, आणि सुट्टीतला सराव मे महिन्याच्या कडक उन्हामुळे पहाटेच उरकावा लागतो. पावसानंतर धानपट्ट्यातील चिकण माती निसरडी होते. तेव्हा पूर्ण वेगाच्या धावा निचरा होणाऱ्या मुरमाड जागेवर घेणे सुरक्षित असते.

दुसरी अडचण मैदानावरील सोबतीची. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर धावेला २० गुण आणि १०० मीटरला १५ गुण असल्याने उमेदवारांचा बराचसा सराव लांब धावेचा असतो. फुटबॉलपटू त्यांच्याबरोबर धावले, तर दमसास कमावतात, पण पहिली दहा मीटर तशीच राहतात. याउलट खो-खो आणि विदर्भात खेळली जाणारी आट्यापाट्या या खेळांत आखूड झेप, एकदम थांबणे आणि दिशा बदलणे सतत घडते. फुटबॉलला पूरक म्हणून ते जवळचे आहेत.

मोजमाप

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांत ३० मीटर धाव, ६×१० मीटर शटल रन आणि उभ्याने लांब उडी यांचा समावेश असतो. ३० मीटर धाव जागेवरून सुरू केल्यास त्वरणाचे, तर धावत येऊन घेतल्यास कमाल वेगाचे मोजमाप होते; दोन्ही आकड्यांची परस्पर तुलना करता येत नाही. हातातील स्टॉपवॉचमध्ये ०.१ ते ०.२ सेकंदांची चूक सहज होते आणि दहा मीटर अंतरात चपळ व सामान्य खेळाडूंतील फरक तेवढाच असू शकतो. मोबाइलवर सेकंदाला ३० चौकटी या गतीने केलेल्या चित्रीकरणातील चौकटी मोजल्यास ही चूक सुमारे ०.०३ सेकंदांपर्यंत उतरते.