घरी व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर बनवायचाय? आधी ‘एलए-२ए’च्या आत काय चालतं ते समजून घ्या

एखाद्या स्टुडिओच्या रीलमध्ये तुम्ही ही पेटी नक्की पाहिली असेल. राखाडी पत्रा, मधोमध काटा हलणारा मीटर, दोन्ही बाजूंना एकेक मोठा नॉब. गायक गातोय, काटा मागे-पुढे झुलतोय आणि खाली कमेंट : “ब्रो, हे घरी बनवता येतं का?”

येतं. जगभर हौशी लोक बनवतातही. पण यूट्यूबवर दिसतं तेवढं ते सोपं नाही, आणि चुकलं तर नुसता पार्ट जळून भागत नाही. त्यामुळे आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू.

कॉम्प्रेसर म्हणजे काय?

गाणारा माणूस एका पट्टीत गातो, पण एका जोरात गात नाही. मुखडा हळू, तान जोरात. हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की तान फाटते. पूर्वी रेडिओ स्टेशनवर एक इंजिनिअर सतत नॉबवर हात ठेवून बसायचा. आवाज चढला की कमी करायचा, उतरला की वाढवायचा. हेच काम आपोआप करणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरने टेलिट्रॉनिक्स या आपल्या कंपनीतून ‘एलए-२ए’ बाजारात आणला. एलए म्हणजे ‘लेव्हलिंग अँप्लिफायर’. पुढे ही मालमत्ता फिरत फिरत बिल पुटनम यांच्या कंपनीकडे गेली. रेडिओसाठी जन्मलेली ही पेटी गाण्याच्या स्टुडिओत कायमची राहिली.

त्या काळातला दुसरा दिग्गज म्हणजे ‘फेअरचाइल्ड ६७०’. रीन नार्मा यांचं डिझाइन, २० व्हॉल्व्ह आणि वजन साधारण ३० किलो. घरी बांधायला एलए-२ए त्यामानाने फारच सोपा. त्यात व्हॉल्व्ह फक्त चार.

एक दिवा आणि एक डोळा

रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, त्यात बऱ्याच ठिकाणी एलडीआर नावाचा छोटा पार्ट असतो. त्याच्यावर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, अंधारात वाढतो. लॉरेन्स यांनी असाच एलडीआर एका बंद डबीत ठेवला आणि त्याच्यासमोर प्रकाश देणारी एक चपटी पट्टी बसवली. या पट्टीला इलेक्ट्रोल्युमिनेसंट पॅनेल म्हणतात. साध्या बल्बसारखी तार तापण्याची वाट बघावी लागत नाही. चढ्या व्होल्टेजचा एसी दिला की ती लगेच उजळते.

आता गंमत बघा. गाण्याच्या सिग्नलचा एक फाटा या पट्टीकडे जातो. आवाज जोरात आला, पट्टी जास्त उजळली, एलडीआरचा रेझिस्टन्स घसरला आणि मुख्य सिग्नलचा काही भाग त्याच्यातून ग्राउंडकडे निघून गेला. आवाज आपोआप खाली. गाणं स्वतःच स्वतःचा आवाज कमी करतं! या डबीचं नाव टी४बी. तिच्यात एलडीआर दोन असतात. एक आवाज आवरतो, दुसरा मीटरचा काटा हलवतो.

लोक या पेटीच्या प्रेमात पडतात ते मात्र एलडीआरच्या एका ‘दोषा’मुळे. त्याला आठवण असते. आवाज चढल्यावर तो साधारण १० मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो. आवाज उतरल्यावर निम्मा भाग सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, पण उरलेला निम्मा सुटायला एक ते १५ सेकंद घेतो. जितका वेळ आणि जितका जास्त उजेड त्याने पाहिला, तितका तो सावकाश पूर्ववत होतो. म्हणून दाब आल्याचं जाणवतच नाही, आवाज फक्त ‘बसलेला’ वाटतो.

घरी बनवणारे इथेच फसतात. पट्टीऐवजी साधा एलईडी लावला तर सर्किट चालतं, पण वेग आणि सुटण्याची चाल बदलते. एलईडीचा रंगही महत्त्वाचा, कारण हे एलडीआर हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. शिवाय ते कॅडमियम सल्फाइडचे असतात आणि युरोपीय संघाच्या नियमांत कॅडमियमवर बंधनं आहेत, त्यामुळे चांगले नग शोधावे लागतात. माझं मत विचाराल तर टी४बी डबी तयारच घ्यावी. पैसे वाचवायचे तर पत्र्याच्या पेटीवर वाचवा.

चार व्हॉल्व्ह कशाला?

एक १२एएक्स७ मुख्य सिग्नल वाढवतो, १२बीएच७ तो बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ढकलतो. दुसरा १२एएक्स७ आणि ६एक्यू५ ही जोडी फक्त पट्टी उजळवायला. म्हणजे निम्मे व्हॉल्व्ह तुम्हाला कधी ‘ऐकू’ येतच नाहीत. तरी खरेदी करताना लोक चारही महागडे, जुन्या स्टॉकचे शोधत बसतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओसाठी बनवलेले जुने व्हॉल्व्हही हौशी मंडळींत अजून फिरतात. पण खरा पैसा जातो आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या ऑडिओ ट्रान्सफॉर्मरवर, आणि तिथे काटकसर केली की आवाजात कळतं.

पॉवर ट्रान्सफॉर्मर घेताना जरा गणित करा. व्हॉल्व्हच्या आतली तार, म्हणजे हीटर, ६.३ व्होल्टवर तापते. १२एएक्स७ला ०.३ अँपिअर, दोनांचे ०.६. १२बीएच७ला ०.६ आणि ६एक्यू५ला ०.४५. एकूण १.६५ अँपिअर. म्हणून हीटरची वाइंडिंग किमान २ अँपिअरची हवी, अडीच-तीन असेल तर ट्रान्सफॉर्मर थंड राहील. १२एएक्स७ आणि १२बीएच७मध्ये ६.३ व्होल्टसाठी ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र जोडून दुसरं टोक ९ला द्यायचं. फक्त ४ आणि ५मध्ये ६.३ दिलं तर व्हॉल्व्ह अर्धवट तापतो आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच चूक शोधतो.

मूळ अमेरिकी नकाशा त्यांच्या ११५ व्होल्टच्या विजेला धरून आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर हे आधी सांगा.

आता जीवाचा प्रश्न

या पेटीत हीटरशिवाय अडीचशे व्होल्टच्या पुढचा डीसी असतो. हे गिटार पेडलचं ९ व्होल्टचं खेळणं नाही. लोकांना वाटतं, घरात आरसीसीबी आहे, काही झालं तर पडेल. इथे तो पडणार नाही! ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा शॉक बसला तर तो करंट तिथल्या तिथेच फिरतो, अलीकडच्या आरसीसीबीला फेज-न्यूट्रलमध्ये फरक दिसतच नाही.

दुसरं म्हणजे, स्विच बंद केला तरी कॅपॅसिटर भरलेलेच राहतात. त्यांच्यावर कायमचा ब्लीडर रेझिस्टर बसवा. ४० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर २२० किलोओहमचा ब्लीडर असेल तर व्होल्टेज दोन-तीन व्होल्टवर यायला पाऊण मिनिट लागतं. कॅपॅसिटर जास्त, तर वेळही जास्त. ब्लीडरचा डाग सुटलेला असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावून बघायचंच. शिल्लक असेल तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, ती सोडा. चालू पेटीत माप घ्यायचंच असेल तर एक हात खिशात.

पत्र्याची पेटी अर्थिंगच्या पिनला घट्ट बोल्टने जोडा आणि आत येणाऱ्या फेजवर फ्यूज ठेवा. बऱ्याच जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. घूंऽऽ आवाज येतो म्हणून अर्थिंग काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो माणूस तुमचा मित्र नाही. तो आवाज घालवायचे मार्ग वेगळे आहेत. हीटरच्या वायरी घट्ट पिळून कडेने न्या, आतला ऑडिओ ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा आणि काटकोनात फिरवून बघा, सगळी ग्राउंड एका ठिकाणी आणा.

पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड वापरा. त्यात ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालणार नाही. आधी व्हॉल्व्ह न बसवता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग व्हॉल्व्ह बसवून पुन्हा.

याआधी एकही व्हॉल्व्ह सर्किट बांधलं नसेल तर हा पहिला प्रोजेक्ट करू नका. आधी एखादा साधा प्रीअँप बांधा, तोही जाणत्या माणसासमोर. तोवर एलए-२एची सॉफ्टवेअर रूपं आहेतच.

पेटी चालू झाली की पीक रिडक्शनचा नॉब शून्यावर ठेवून १ किलोहर्ट्झचा टोन द्या, गेनने आवाज बसवा आणि मीटरचा काटा शून्यावर आणा. मग पीक रिडक्शन हळूहळू वाढवा. काटा डावीकडे झुकायला लागला की डबीतली पट्टी काम करतेय. व्हॉल्व्ह १५-२० मिनिटं तापू द्या, कारण सुरुवातीला काटा थोडा सरकतो, आणि मग शून्य पुन्हा एकदा जुळवा.