परळची एक बाटली

१८९७ सालच्या जानेवारींत डॉ. हाफकिन ह्यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंतून तिच्या बाटल्या हिंदुस्थानभर जाऊं लागल्या. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांना ती टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. चौकशीमंडळानें दोष परळच्या माथीं मारला. कार्बोलिक आम्लाऐवजीं उष्णतेनें जंतुनाश करण्याची हाफकिन ह्यांची रीत, एवढें निमित्त पुरलें. त्यांचें पद गेलें. वास्तविक, बूच काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, ही गोष्ट चौकशींतच पुढें आली होती. शिवाय जंतु आधींपासून वाढलेले असते तर बाटली उघडतांच दुर्गंध सुटला असता. तसा तो सुटला नव्हता. हे कागद कोणीं वाचलेच नाहींत, असें म्हणवत नाहीं; वाचून बाजूस ठेवले असावेत. १९०७ सालीं रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हें सारें मांडलें, तेव्हां सरकारनें हाफकिन ह्यांस पुन्हां कामावर घेतलें. परंतु मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें, तें १९२५ सालीं.