'वेग' या संज्ञेचे अर्थांतर

शालेय पदार्थविज्ञानात 'वेग' या संज्ञेची व्याख्या एका वाक्यात आटोपते. एकक काळात वस्तूचे जे विस्थापन होते तो तिचा वेग होय. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, आणि वस्तूमध्ये त्वरण उत्पन्न करते ते बल. या संज्ञा माध्यमिक शाळेतील विद्यार्थी एकापाठोपाठ एक शिकतो व त्या सर्व एकाच वेळी, एकाच हेतूने घडविल्या गेल्या असाव्यात असा त्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. 'वेग' हा शब्द आधुनिक विज्ञान या देशात येण्यापूर्वी शेकडो वर्षे एका सुव्यवस्थित गतिविचारात पारिभाषिक संज्ञा म्हणून रूढ होता. आज वेग हे गतीचे माप आहे. त्या विचारात वेग हे गतीचे कारण होते. या अर्थांतराचा मागोवा घेतला असता शब्दाच्या इतिहासाबरोबरच गतिविज्ञानातील सर्वांत अवघड पायरी कोणती, याचाही उलगडा होतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. 'वेग' हा संस्कृत विज् या धातूपासून सिद्ध झालेला शब्द आहे. थरथरणे, दचकून हलणे, उसळणे असे या धातूचे अर्थ आहेत. उद्वेग, आवेग, संवेग हे त्याच कुळातील शब्द. आयुर्वेदात शिंक, जांभई, तहान, मलमूत्रविसर्जन इत्यादी शरीराच्या स्वाभाविक प्रेरणांना वेग म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे 'नवेगान्धारणीय' हे नावच, अशा प्रेरणा अडवू नयेत, या उपदेशावरून पडले आहे. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. वेग म्हणजे आत राहून बाहेर ढकलणारे असे काहीतरी. किती अंतर किती काळात, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

वैशेषिक दर्शनाने हा शब्द उचलला तो याच अर्थच्छटेसह. कणादाच्या सूत्रांत उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण व गमन अशी पाच कर्मे, म्हणजे हालचालीचे पाच प्रकार, मानली आहेत. कर्म हे क्षणिक आहे. वस्तूचा एका स्थानाशी असलेला संयोग तोडून दुसऱ्या स्थानाशी संयोग घडविला की ते संपते. शिवाय एक कर्म दुसऱ्या कर्माला जन्म देत नाही, असाही सिद्धांत आहे. येथे अडचण उभी राहते. धनुष्याच्या दोरीने बाणाला ढकलले, त्यामुळे बाणात पहिले कर्म उत्पन्न झाले हे ठीक. परंतु दोरी सुटल्यावर बाण पुढे का जातो? पुढील कर्मांना कारण कोणते? वैशेषिकांचे उत्तर असे की पहिल्या कर्मामुळे बाणात एक संस्कार उत्पन्न होतो व तो पुढील कर्मे घडवीत राहतो. हा संस्कार क्षीण झाला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो.

सुमारे सहाव्या शतकात प्रशस्तपादाने 'पदार्थधर्मसंग्रह' या ग्रंथात संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले. भावना हा स्मृतीला कारण होणारा आत्म्याचा संस्कार. स्थितिस्थापक म्हणजे वाकविलेली फांदी सोडताच पूर्ववत करणारा गुण. आणि वेग म्हणजे ठरावीक दिशेने होणाऱ्या क्रियांच्या मालिकेचे कारण. दिशेचा हा उल्लेख लक्षणीय आहे. पडणाऱ्या वस्तूविषयी प्रशस्तपाद म्हणतो की पतनाचे पहिले कर्म केवळ गुरुत्वामुळे होते, त्यातून वेग उत्पन्न होतो आणि नंतरची कर्मे गुरुत्व व वेग या दोहोंमुळे होतात. उखळात आपटून उसळणाऱ्या मुसळासारख्या घरगुती दृष्टांतांचीही चर्चा या परंपरेत आहे. विचार सूक्ष्म आहे, निरीक्षणही खरे आहे. परंतु यात कोठेही मोजमाप नाही. वेग हा वस्तूत राहणारा गुण आहे. तो किती, हे सांगण्याची रीत वैशेषिकांनी दिलेली नाही.

भारतात गतीचे मोजमाप होत नव्हते असे मात्र नाही. ते होत होते ज्योतिषात, आणि तेथे संज्ञा होती 'गती' किंवा 'भुक्ती'. सूर्याची मध्यम दैनिक गती ५९ कला ८ विकला, चंद्राची ७९० कला ३५ विकला, असे आकडे सिद्धांतग्रंथांत आढळतात. भास्कराचार्याने ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त याही पुढची मजल गाठली. लागोपाठच्या दोन दिवसांच्या ग्रहस्थानांतील अंतर ही स्थूल गती होय. विशिष्ट क्षणाची गती त्याहून निराळी असते. तिला त्याने 'तात्कालिक' गती म्हटले व ती काढण्याची रीत दिली. शीघ्र चालणाऱ्या चंद्रासाठी अशा सूक्ष्म गणिताची विशेष गरज होती. त्याच ग्रंथाच्या गोलाध्यायात, पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असून ती आकाशस्थ जड पदार्थ आपल्याकडे ओढते, असेही विधान आहे. या विधानावरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या पाच शतके आधी भारतात सापडला होता, असा दावा वेळोवेळी केला जातो. तो टिकणारा नाही. आकर्षणाचे परिमाण अंतरानुसार कसे बदलते हे तेथे सांगितलेले नाही, आणि ग्रहांच्या गतीशी त्याचा संबंधही जोडलेला नाही. भास्कराचार्याचे श्रेष्ठत्व तात्कालिक गतीच्या कल्पनेत पुरेसे सिद्ध होते. त्यासाठी दुसऱ्याचे श्रेय उसने घेण्याचे कारण नाही.

सारांश, भारतीय परंपरेत गतीच्या कारणाचा विचार दर्शनात झाला व गतीचे माप ज्योतिषात झाले. एकाने 'वेग' हा शब्द वापरला, दुसऱ्याने 'गती' हा. फेकलेल्या दगडाचा वेग मोजून त्याच्या कारणाची परीक्षा करावी, असा योग येथे जुळून आला नाही.

पाश्चात्त्य विचाराचा प्रवासही दीर्घकाळ याच वळणाने झाला. फेकलेला दगड हात सुटल्यावर पुढे का जातो, या प्रश्नाला ॲरिस्टॉटलने सभोवतालची हवा त्याला ढकलते असे उत्तर दिले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातील फिलोपोनस याने ते खोडून काढले; फेकणारा दगडातच एक प्रेरणा घालतो, असे त्याचे मत होते. चौदाव्या शतकात पॅरिस येथील बुरिदाँ याने या प्रेरणेला 'इंपेटस' म्हटले, ती द्रव्याच्या राशीनुसार व शीघ्रतेनुसार कमीअधिक असते असे मानले आणि पडणाऱ्या वस्तूची गती वाढते ती गुरुत्वामुळे प्रेरणेत सतत भर पडत गेल्याने, असे स्पष्टीकरण केले. प्रशस्तपादाच्या वेगाशी या कल्पनेचे साम्य उघड आहे. परंतु एकाने दुसऱ्यापासून ती घेतली असे मानण्यास आधार नाही. एकच अनुभव आणि एकच प्रश्न समोर असता दोन समाजांतील विचारवंत एकाच उत्तरापाशी पोहोचले, एवढेच म्हणणे योग्य होईल.

ही चौकट सतराव्या शतकात मोडली. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पतनाचे कारण काय हा प्रश्न बाजूस ठेवून पतन कसे होते ते मोजले. स्थिर स्थितीतून पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे तोडते असे त्याने दाखविले. देकार्तने १६४४ मध्ये, मोकळी वस्तू सरळ रेषेत चालतच राहील, हे तत्त्व मांडले. न्यूटनच्या १६८७ मधील 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात या विचारांना नियमांचे रूप आले. त्यातील चौथी व्याख्या येथे विशेष महत्त्वाची आहे. बाहेरून लावलेले बल केवळ क्रियेपुरते असते आणि क्रिया संपल्यावर ते वस्तूत शिल्लक राहत नाही, असा तिचा आशय आहे. वेग व इंपेटस या दोन्ही कल्पनांना एकाच विधानाने निरोप मिळाला. गती टिकण्यास कारण लागत नाही. गती बदलण्यास लागते. जुनी भाषा मात्र न्यूटनलाही एकदम सुटली नाही. तिसऱ्या व्याख्येत वस्तूच्या जडत्वालाही त्याने लॅटिनमध्ये बलवाचक शब्दच वापरला आहे. कल्पना बदलते त्या मानाने संज्ञा सावकाश बदलते, हे यावरून दिसते.

आधुनिक विज्ञान भारतीय भाषांत आणताना परिभाषाकारांनी संस्कृत भांडाराकडे वळणे स्वाभाविक होते. गुरुत्व, स्थितिस्थापकता, वेग हे वैशेषिकांचे शब्द नव्या अर्थाने योजले गेले. मनाची तीव्र ओढ दाखविणारा 'संवेग' हा शब्द वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारास दिला गेला. यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु शब्दाबरोबर त्याची जुनी छाया येते. 'जडत्व' या संज्ञेत मांद्य सूचित होते. त्यामुळे स्थिर वस्तू स्थिर राहते हा नियमाचा अर्धा भाग सहज पटतो. चालती वस्तू चालत राहते हा दुसरा अर्धा भाग शब्दाच्या आड दडतो.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणात पाहता येतो. सेकंदाला १९.६ मीटर या वेगाने एक चेंडू सरळ वर फेकला. हवेचा रोध सोडून दिला तर दोन सेकंदांनी तो सर्वोच्च बिंदूस पोहोचतो. वर जाताना त्यावर कोणते बल कार्य करते असे विचारले असता पुष्कळ विद्यार्थी 'हाताने दिलेले बल' असे उत्तर देतात आणि ते संपल्यावर चेंडू खाली येतो असे सांगतात. वास्तविक हात सुटल्यापासून चेंडूवर एकच बल आहे, ते म्हणजे पृथ्वीचे. वर जाताना, माथ्यावर क्षणभर वेग शून्य असताना आणि खाली येताना त्वरण एकच असते, अधोदिशेने ९.८ मीटर प्रति वर्गसेकंद. विद्यार्थ्याचे उत्तर चुकीचे असले तरी ते अविचाराचे नाही. तो ज्याला बल म्हणतो, तो नेमका प्रशस्तपादाचा वेग आहे.

या चुकीचा दोष मराठीच्या माथी मारणेही बरोबर नाही. अमेरिकन विद्यार्थ्यांतही हीच समजूत आढळल्याचे मायकेल मॅक्लॉस्की यांनी १९८३ मध्ये दाखविले व तिचे मध्ययुगीन इंपेटसशी असलेले साम्यही निदर्शनास आणले. समजूत अनुभवातून येते. घर्षणाच्या जगात ढकलणे थांबले की गाडी थांबते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. भाषा त्या समजुतीला नाव देते आणि नाव मिळालेली समजूत सहजी जात नाही. म्हणून 'वेग' शिकविताना त्याची नवी व्याख्या सांगणे पुरेसे नाही. हा शब्द पूर्वी कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता आणि तो प्रश्नच पुढे का सोडून द्यावा लागला, हेही सांगितले पाहिजे. तसे केल्यास आपल्या मनात जी कल्पना आली ती एका प्राचीन आचार्यालाही सुचली होती, हे विद्यार्थ्याला कळेल. आणि तिच्या पुढे जाण्यास गॅलिलिओ व न्यूटन यांना जे श्रम पडले त्यांची खरी किंमतही त्याला उमगेल.