झाडावर चढून फांद्या छाटायच्यात? हलकी चेनसॉ निवडण्याआधी हे वाचा

मे महिन्यात नागपुरात दिवसभर ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी अचानक वादळ सुटतं. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, सेमिनरी हिल्स या भागांतल्या जुन्या झाडांच्या फांद्या मोडतात त्या याच दिवसांत. गुलमोहराचं तर विचारूच नका. पसारा मोठा आणि लाकूड ठिसूळ. मग पावसाळ्याआधी झाडं छाटून देणाऱ्या माणसांची शोधाशोध सुरू होते.

हा माणूस बहुतेकदा दोर आणि कुऱ्हाड घेऊन येतो. पण चेनसॉ आता ऑनलाइन सहज मिळते, त्यामुळे ‘एकदाच मशीन घेऊन टाकू’ असं घरमालकालाही वाटतं आणि छाटणीवाल्यालाही. प्रश्न असा की झाडावर नेण्यासाठी नेमकी कोणती घ्यायची?

ऑनलाइन पहिली दिसते ती का नको?

शोधलं की सर्वात आधी दिसते ती ५८ सीसी इंजिन आणि २२ इंची बारची मशीन. बार म्हणजे ज्या पट्टीवरून साखळी फिरते ती. किंमत कमी, ताकद भरपूर. पण ही मशीन जमिनीवर उभं राहून पडलेलं खोड कापण्यासाठी असते. तिची मूठ मागे असते. दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले असतील तरच ती नीट पेलता येते. वीस फुटांवर, एका फांदीला पाय टेकवून ती फिरवणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

झाडावरच्या कामासाठी वेगळा प्रकार असतो. त्यात मूठ इंजिनाच्या वर असते, म्हणून त्याला ‘टॉप हँडल’ म्हणतात. आकार आटोपशीर आणि वजनाचा तोल मुठीखाली. कमरेच्या पट्ट्याला अडकवून वर नेता येते. इंजिन साधारण २३ ते ३५ सीसीचं आणि बार १० ते १४ इंचांचा.

खोक्यावरचं वजन आणि हातातलं वजन

इथे बहुतेकांची फसगत होते. कंपनी जे वजन छापते त्यात बार, साखळी, पेट्रोल आणि ऑइल धरलेलं नसतं. स्टिल कंपनीच्या ‘एमएस २०१ टी’ या ३५ सीसीच्या मशीनचं छापील वजन ३.७ किलो आहे. टाकी भरून, बार-साखळी चढवून ती साडेचार किलोंच्या पुढे जाते. एको कंपनीची २५ सीसीची ‘सीएस-२५११ टी’ मालिका छापील वजनात २.३ किलोंची. ती वापरायला तयार झाली की तीन किलोंच्या आसपास पोहोचते.

दीड किलोचा फरक दुकानात किरकोळ वाटतो. हात खांद्याच्या वर नेऊन दहावी फांदी कापताना तो खांद्यात जाणवतो. थकलेला हात चुका करतो, म्हणून वजन महत्त्वाचं.

बॅटरीच्या मशीनमध्येही हीच गोम आहे. हस्कवर्नाची ‘टी ५४० आय एक्सपी’ २.५ किलोंची दिसते, पण बॅटरी सोडून. बॅटरी लावली की वजन पेट्रोलवालीच्या जवळ जातं. तरी तिचे फायदे खरे आहेत: झाडावर दोरी ओढून सुरू करण्याची कटकट नाही, धूर नाही आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराचा आवाज ऐकू येतो. अडचण नागपूरच्या उन्हाची. ४५ अंशांत गच्चीवर किंवा गाडीत तापलेली बॅटरी चार्जिंगला लावली तर चार्जर ती थंड होईपर्यंत थांबवून ठेवू शकतो. जोडीला दुसरी बॅटरी आणि सावली, दोन्ही लागतात.

मग जितकी हलकी तितकी चांगली?

नाही. हलकी मशीन एका हातात मावते, आणि मोह तिथेच होतो. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्याने कापायची. सोशल मीडियावरच्या रील्समध्ये हे इतकं सहज दिसतं की तीच पद्धत वाटावी. प्रत्यक्षात टॉप हँडल मशीनसुद्धा दोन हातांनीच चालवायची असते आणि ती प्रशिक्षित माणसासाठीच असल्याचं कंपन्या माहितीपुस्तिकेत बजावतात.

कारण आहे ‘किकबॅक’. बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला की फिरणारी साखळी लाकडात अडकते आणि अख्खी मशीन क्षणात उसळून चेहऱ्याकडे येते. मागे मूठ असलेल्या मशीनमध्ये दोन हातांत अंतर असतं, त्यामुळे झटका थोडा तरी पेलतो. टॉप हँडलमध्ये दोन्ही मुठी जवळजवळ असतात, म्हणजे तोच झटका आवरणं जास्त कठीण. म्हणून चेन ब्रेक नसलेली मशीन कितीही स्वस्त असली तरी वर न्यायची नाही. बाजारात ४ ते ६ इंची बारच्या बॅटरीवरच्या ‘मिनी चेनसॉ’ मिळतात, त्यांतल्या अनेकांत हा ब्रेक नसतो. जमिनीवर उभं राहून बारीक फांद्या कापायला त्या ठीक.

मशीनआधी दोराचा हिशेब

दोन्ही हात मशीनवर ठेवायचे तर शरीर कशाने तरी धरलेलं हवं. म्हणजे हार्नेस आणि कापताना दोन स्वतंत्र आधार: एक चढण्याचा दोर, दुसरा खोडाभोवतीचा पट्टा. दोन का? ताणलेल्या दोराला फिरती साखळी नुसती लागली तरी तो तुटतो. एक तुटला तर दुसरा हवा. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याने टॉप हँडल मशीनवर पैसे घालण्याआधी हार्नेस, दोर आणि हेल्मेट घ्यावं. शिडीवर उभं राहून तर चेनसॉ चालवूच नये.

आणि दोन-अडीच इंचांपर्यंतच्या फांद्यांना मशीन लागतेच असं नाही. स्वतःकडे ओढताना कापणारी वाकडी हातकरवत हे काम पटकन करते, वजन अर्धा किलोही नसतं.

लाकूड कोणतं, पेट्रोल कोणतं?

गुलमोहर आणि सुबाभूळ कापायला २५ सीसीची मशीन पुरते. चिंच, बाभूळ किंवा वाळलेला कडुनिंब असेल तर साखळी लवकर बोथट होते. तिथे ३५ सीसीचा विचार करावा. बार मोठा घेण्यापेक्षा साखळीला वेळेवर धार लावणं जास्त उपयोगी. बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि तोल तिथेच जातो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ५० ला १ हे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलीलिटर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर बिघडवतं. काम संपलं की टाकी रिकामी करायची, हा साधा उपाय. साखळीसाठी गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल टाकण्याची सवयही सोडायला हवी.

परवानगी आणि तारा

झाड आपल्या अंगणातलं असलं तरी शहरात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू होतो. झाडाला इजा करणंही त्यात ‘तोडणं’ धरलं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं ‘हेरिटेज’ ठरतात. मोठ्या छाटणीआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारणं शहाणपणाचं.

फांदी विजेच्या तारेला टेकलेली असेल, तर कोणतीच मशीन नको. आधी १९१२ वर फोन करून वीजपुरवठा बंद करून घ्यायचा.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एक विचारून घ्या: या मशीनची साखळी आणि कानस नागपुरात मिळते का? सर्वात हलक्या मशीनमध्ये पाव इंची पिचची बारीक साखळी असू शकते. तिला जाडीने लहान, ३.२ मिलिमीटरची कानस लागू शकते आणि ती प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. ऐन जूनमध्ये पुण्या-मुंबईहून कुरियरची वाट पाहत बसावं लागलं, तर तोवर छाटणीचा मोसम निघून जातो.