पेजेचे एक भांडे

वारसाहक्काच्या दाव्यात कोणाचा किती हिस्सा याचा खल वर्षानुवर्षे चालतो. परंतु मृताच्या उशाशी रात्री कोणी जागवल्या, आणि त्या दिवसांत जागणारी व्यक्ती स्वतः काय जेवली, हे कोणताही वकील साक्षीदाराला विचारीत नाही. मीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

माझ्या मातोश्री अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आमच्या घरी रोज तीन तऱ्हेचे अन्न शिजे : आजारणीचे पथ्याचे, मुलांचे आणि समाचाराला येणाऱ्यांचे. हे सारे रांधून शुश्रूषा करणारी माझी पत्नी मात्र उरलेसुरले, थंड झालेले उभ्याउभ्याच खाई. एके दिवशी ती घेरी येऊन पडली. तेव्हा शेजारच्या वृद्ध काकी आल्या, त्यांनी चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेचे भांडे चढवले आणि म्हणाल्या, "मांयेक निवळ, तुका शितां, आयदन एकूच पुरो." या एका वाक्यामागे केवढा इतिहास उभा आहे, हे मला मागाहून उमगले.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थाच्या भोजनाचा क्रम सांगितला आहे. बालक, वृद्ध, गर्भवती, रोगी, अतिथी आणि सेवक यांना जेवू घालावे व मग पतिपत्नींनी शेष अन्न सेवन करावे, असा त्याचा आशय. मनुस्मृती तर रोग्याला व गर्भवतीला अतिथीच्याही आधी, काही विचार न करता वाढावयास सांगते. दुर्बलाला अग्रमान देणारा हा नियम उदात्तच होय. परंतु कायद्याच्या अभ्यासकाने त्यातील एक शब्द नीट वाचला पाहिजे. शेष अन्न स्मृतिकाराने दांपत्याला सांगितले. रूढीने ते एकट्या गृहिणीच्या पानात वाढले.

या अडचणीवरचा तोडगा आपल्या वैद्यकशास्त्राजवळ होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तांदळाच्या या प्रकारांचा भेद स्पष्ट केला आहे. ज्यात शीत नाही तो मंड, शितांसहित ती पेया आणि जीत शिते पुष्कळ ती दाट विलेपी. चरकाने अठ्ठावीस प्रकारच्या यवागू सांगितल्या. शोधनकर्मानंतर अशक्त झालेल्या रोग्याला पेयेपासून आरंभ करून क्रमाने दाट अन्नाकडे न्यावे, हाही त्याचाच विधी. काकींना संस्कृत येत नव्हते. पण त्यांच्या निवळीत मंड होता आणि शितांत विलेपी होती.

आमच्या गोमंतकात या अन्नाची नोंद परकीयानेही केली आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पटकीच्या रोग्याला येथील वैद्य मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला 'कांजी' म्हणतात, असे त्याने नमूद केले आहे. ओर्ता १५६८ साली निवर्तला. तो मूळचा यहुदी कुळातला. म्हणून १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याच इन्क्विझिशनचा १७३६ चा जाहीरनामा अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात दिला आहे. ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून मागाहून मीठ घालू नये, असे एक कलम त्यात आहे. कायद्याचा हात भाताच्या मिठापर्यंत पोचावा याचे आज आश्चर्य वाटते. परंतु एका भांड्यात सर्वांचे भागते ते याच रीतीमुळे. अळणी शिजवले तरच रोग्याला त्याच्या पथ्यापुरते आणि इतरांना रुचीपुरते मीठ घालता येते. तो अंमल गेला. पेज मात्र हिंदूंच्या व ख्रिस्त्यांच्या, दोन्ही घरांत राहिली.

आधुनिक वैद्यकानेही या वाटेने काही पावले टाकली. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्यांचे प्राण वाचवले. पुढे १९८०च्या दशकात ढाक्यातील संशोधकांना आढळले की, ग्लुकोजच्या जागी तांदळाचे पीठ शिजवून वापरले तरी पटकीत उत्तम गुण येतो. अर्थात त्या द्रावणातील क्षारांचे प्रमाण मोजके असते. घरची पेज म्हणजे ते औषध नव्हे, याचा विसर पडू नये.

काकींची रीत सोपी होती. उकडे तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजू द्यावेत. वरची निवळ रोग्याला द्यावी. तळची शिते शुश्रूषा करणारीने घ्यावीत. सोबत उकडलेले मूग, खोवलेला नारळ आणि लोणच्याची फोड. पेज शिजत असता तिच्यापाशी उभे राहावे लागत नाही. तेवढा वेळ उशाशी बसता येते, नाहीतर क्षणभर डोळा लावता येतो.

न्यायालयात रूढीला कायद्याचे बळ मिळावयाचे तर ती केवळ पुरातन असून भागत नाही, ती न्याय्यही असावी लागते. सेवा करणारीने सर्वांच्या शेवटी उरलेले खावे, ही रूढी त्या कसोटीला उतरत नाही. मातोश्री त्यानंतर दीड महिना होत्या. त्या दीड महिन्यात आमच्या घरी एकच भांडे चढे, निवळीची पहिली वाटी त्यांच्याकडे जाई, आणि दुसरी, ऊनऊन, त्यांच्या सुनेपुढे येई. ती वाढण्याचे काम माझ्याकडे होते.