धर्मसेवकाची घडण आणि परका समाज : जालना-औरंगाबाद परिसर व अहमदनगर सेमिनरी

ख्रिस्ती धर्मसेवकाला परक्या समाजात काम करण्यासाठी कोणते शिक्षण द्यावे, हा आज धर्मशास्त्रीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर अभ्यासाचा एक मान्य विषय आहे. मराठी प्रदेशात मात्र हा प्रश्न अभ्यासक्रमात येण्यापूर्वीच प्रत्यक्ष कामात उभा राहिला होता आणि तो केवळ गोऱ्या मिशनऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आणि १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात असलेले जालना ही निजामाच्या राज्यातील दोन छावणीची गावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्यास फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे नारायण शेषाद्री, तर औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रतनजी नवरोजी काम करीत होते. एक जन्माने ब्राह्मण, दुसरा पारशी. ज्या महार-मांग वस्त्यांत त्यांना धर्मोपदेश करावयाचा होता, त्या वस्त्या दोघांच्याही पूर्वायुष्याला समुद्रापलीकडील देशाइतक्याच अपरिचित होत्या.

मुंबईतील घडण

नारायण शेषाद्री यांचे शिक्षण मुंबईत जॉन विल्सन व रॉबर्ट नेस्बिट यांच्या संस्थेत झाले. पुढे बाबा पदमनजीही याच संस्थेचे विद्यार्थी झाले. इंग्रजी माध्यम, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, ख्रिस्ती धर्माची प्रमाणे आणि हिंदू शास्त्रांचे खंडन असे तेथील शिक्षणाचे स्वरूप होते. १८३०-३१ मधील विल्सन व हिंदू शास्त्री यांच्या जाहीर वादांची छाया त्यावर स्पष्ट दिसते. विद्यार्थी वादपटू व्हावा आणि त्याने उच्चवर्णीय सुशिक्षितांना बुद्धीने जिंकावे, अशी अपेक्षा होती. या संस्थेचेच विद्यार्थी असलेल्या धनजीभाई नवरोजींना १८४३ मध्ये विल्सन यांनी आपल्यासोबत इजिप्त-सीरियामार्गे स्कॉटलंडला नेले, व १८४६ मध्ये एडिंबरो येथे त्यांना दीक्षा मिळाली. देशी माणसाला पूर्ण दर्जाचा धर्मोपदेशक करावयाचे तर त्याला युरोपीय धर्तीचीच विद्या हवी, हे त्यामागील गृहीत होते.

नारायण यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत जे प्रकरण पेटले ते मराठी वाचकाला बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रातून परिचित आहे. सुमारे बारा वर्षांच्या या मुलाला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. परंतु मिशनघरी राहून अन्न घेतलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मणसमाजात तट पडले. जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले व त्यासाठी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. धर्मशिक्षणाच्या इतिहासात ही घटना सहसा येत नाही. ती यावयास हवी. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला त्या शिक्षणाची किंमत घरदार, जात आणि वारसा यांच्या रूपाने मोजावी लागत होती. एका अर्थी त्याचे सीमोल्लंघन तेथेच झालेले असे. गावोगाव हिंडण्याचे काम पुढचे.

जालना येथील बेथेल

१८५४ मध्ये दीक्षा मिळाल्यावर नारायण यांचे कार्यक्षेत्र हळूहळू मुंबईबाहेर सरकले आणि १८६० च्या दशकात ते जालन्यास स्थिरावले. येथे त्यांच्या शिक्षणाचा आणि कामाचा मेळ बसेना. शास्त्र्यांशी वाद करण्याची तयारी ज्याने केली, त्याच्यापुढे अक्षरओळख नसलेला, गावकीच्या कामाला जखडलेला श्रोता बसला होता. त्याच्या अडचणी जमीन, कर्ज, पाणवठा आणि वेठ यांच्या होत्या. सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली, ती याच अनुभवातून. शेती, शाळा व प्रार्थनामंदिर यांची एकत्र मांडणी करणारी ही वसाहत मुंबईच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घातलेल्या या मराठी धर्मोपदेशकाचे मोठे कौतुक झाले. पण जालन्यात शिकलेले तेथे सांगणे आणि मुंबईत शिकलेले जालन्यात वापरणे, यांपैकी पहिलेच त्यांना सोपे गेले असावे.

गोदावरीपलीकडे : अहमदनगर

गोदावरीच्या दक्षिणेस, इंग्रजी मुलखात, अमेरिकन मराठी मिशनने वेगळी वाट धरली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ मध्ये अहमदनगर येथे (२०२४ पासून अहिल्यानगर) सेमिनरी सुरू केली. ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच झालेला. शिक्षण येल व अँडोव्हर येथे घेऊन ते १८७४ मध्ये अहमदनगरास आले. त्यांच्या सेमिनरीचा रोख खेड्यांतील मंडळ्यांना मराठीतून धर्मसेवक पुरविण्याकडे होता.

खेड्यातील श्रोता एक अवघड प्रश्न विचारीत असे : ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही गेले नाही, त्या आमच्या वाडवडिलांचे काय? अशा पूर्वजांना मृत्यूनंतर संधी मिळू शकते, हे मत अँडोव्हरच्या काही ईश्वरविज्ञान्यांनी मांडले होते. १८८६ मध्ये अमेरिकेत रजेवर असताना ह्यूम यांनी त्या दिशेने सहानुभूती दाखविली, आणि अमेरिकन बोर्डाने त्यांचे हिंदुस्थानात परतणे अडवून धरले. १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. बॉस्टनमधील पंडितांना हा सिद्धान्ताचा प्रश्न वाटला. नगरच्या शिक्षकाला तो विद्यार्थी गावात कोणत्या तोंडाने उभा राहील याचा प्रश्न होता.

याच सेमिनरीत १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक शिकवू लागले. त्यापूर्वी कृष्णराव सांगळे यांनी नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजविली होती. टिळकांनी भजन, अभंग आणि संतपरंपरा यांना धर्मसेवकाच्या तयारीत मानाचे स्थान दिले. परंतु पगारी उपदेशकाला गाव ‘मिशनचा माणूस’ म्हणते, ही खंत त्यांना सोडीना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. शिक्षण किती देशी झाले याहून शिक्षिताचा पगार कोठून येतो, हा त्यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता आणि त्याला सेमिनरीकडे उत्तर नव्हते.

पदवी आणि भाषा

याच सुमारास प्रमाण बदलत होते. श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाला डॅनिश राजाची १८२७ ची सनद होतीच. तिच्या आधारे १९१५ मध्ये बी. डी. पदव्या दिल्या गेल्या आणि १९१८ च्या कायद्याने इतर संस्थांना संलग्नतेचा मार्ग खुला झाला. धर्मसेवकाच्या योग्यतेला त्यामुळे अखिल भारतीय मोजमाप मिळाले, आणि त्या मोजमापाची उच्च भाषा इंग्रजी ठरली. यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही इंग्रजी माध्यमाची; ती १९८३ मध्ये पुण्यास हलली. या इंग्रजी शिक्षणाने निरनिराळ्या प्रांतांचे विद्यार्थी एका वर्गात आणले, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र मराठवाड्यातील खेड्यातून आलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिली परकी संस्कृती सेवाक्षेत्रात नव्हे, वर्गातच भेटते. मुंबईत इंग्रजीतून घडून मांगवाड्यात गेलेल्या नारायण शेषाद्रींचा प्रवास त्याला उलट्या दिशेने करावा लागतो, आणि पदवी घेऊन परतताना पुन्हा एकदा सुलट.