शंभुनाथ डे यांचा एक छोटा निबंध

पटकी हे नाव आपल्या जुन्या घराण्यांना परिचयाचे आहे. हे जंतू विष निर्माण करीत असावेत, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली केला होता. तो सिद्ध होण्यास पंचाहत्तर वर्षे लागली. कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी जिवंत सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि जंतू गाळून काढलेला द्रव त्यात सोडला. जंतू नसतानाही तेथे पाणी साचले! विष जंतूंच्या शरीराबाहेर सुटते, हे यातून उघड झाले. साधने साधीच होती. १९५९ साली 'नेचर'मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

प्रारंभी काही वर्षे त्याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. पुढे मात्र पटकीवरील संशोधनाला त्याचाच आधार मिळाला. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी डे यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्य करून घेतले नाही. सेवाज्येष्ठतेच्या याद्या करण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही याचे नवल वाटते.

१९८५ साली डे निवर्तले. निबंधांचे उल्लेख मोजण्याची पद्धत रूढ करणारे अमेरिकेचे युजीन गारफील्ड यांनी १९८६ साली त्यांच्या कार्यावर सविस्तर लेख लिहिला. उल्लेखांच्या मोजदादीवर टीका होते, ती पुष्कळशी रास्तही आहे. परंतु येथे आपल्या विद्वानांपेक्षा त्या मोजणाऱ्यानेच अधिक न्याय केला. बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने डे यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० साली.